एकोणीस नंबरचं खातं

“हे तिसरं पान या यादीचं नाही,” रुजुवातबाई म्हणाल्या आणि चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला.

“बाई, एक ते त्रेचाळीस सलग नंबर आहेत,” साहेब म्हणाला. वयाने बाईंच्या निम्मा असेल, पण साहेब तो साहेब. “सलग यादी आहे. उगाच शंका काढू नका.”

“नंबर सलग आहेत हो. यादी सलग नाही. पहिल्या दोन पानांवर प्रत्येक खात्यापुढे वेळ घातलीय, कोणी किती वाजता काय लिहिलं त्याची. सत्ताविसाव्या नंबरापासून वेळ गायब. आणि नावं बघा, एकदम बाराखडीच्या क्रमाने लागलीत. एवढे शहाणे लोक एकाच सकाळी रांगेत उभं राहून बाराखडीने लिहितात होय?”

साहेबाने घड्याळाकडे बघितलं. पावणेअकरा. आदेश आला होता दहा वाजून दहा मिनिटांनी, आणि त्यात सरळ लिहिलं होतं: दोन तासांत त्रेचाळीस खाती बंद करा, त्यांच्या मालकांची नावं, फोन, पत्ते कळवा. आदेश सुरक्षा खात्याचा. आदल्या दिवशी पुलाखाली स्फोट झाला होता, लष्कराच्या गाड्यांची रांग वरून जात असताना. दोन जवान जखमी. त्यातल्या एकाचा पाय गेला.

आता ही बाई कोण, आणि असे आदेश तिच्या टेबलावर का येतात, ते आधी सांगितलं पाहिजे. लोक दिवसभर ज्याच्यावर फोटो टाकतात, भांडतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात आणि एकमेकांची उणीदुणी काढतात, तसल्या एका कंपनीचं हे ऑफिस. सरकारकडून जे कागद येतात, हे काढा, त्याचं नाव द्या, ते सगळे चौथ्या मजल्यावरच्या या खोलीत येतात. बाई इथे सहा वर्षं आहेत. त्याआधी एकवीस वर्षं त्या कोर्टात नकला काढत होत्या. तिथे नक्कल तयार झाली की एकजण मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा नकलेवर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून बघतो. त्याला म्हणायचं रुजुवात. ती सवय बाई इकडे घेऊन आल्या. जमाना पडद्यांचा, पण बाई आदेश छापून घेतात, पट्टी ठेवतात आणि वाचतात. एक खातं, एक वाचन. पोरापोरींनी नाव पाडलं रुजुवातबाई. पहिल्यांदा ते टिंगलीने होतं. मग एकदा बाईंनी एका शाळामास्तराचं खातं वाचवलं, त्याचं नाव कुणा भलत्याच्याच गुन्ह्याखाली आलं होतं. तेव्हापासून पोरं तेच नाव जपून घ्यायला लागली.

आणि बाई आडमुठ्या आहेत असं कोणी समजू नये. आदेश हातात पडल्यावर त्यांनी पहिल्या वीस मिनिटांत काय केलं माहितीय? यादीतली पाच खाती अशी होती, की वाचताना अंगावर काटा यावा. पुलाचे खालून काढलेले फोटो, ‘पुढच्या खेपेला जास्त’ अशा ओळी, कुठे काय ठेवायचं त्याच्या खाणाखुणा. त्या पाचांची नावं, पत्ते, फोन, शेवटचं कुठून लिहिलं ते ठिकाण, सगळं बाईंनी साडेदहाच्या आत पाठवून दिलं. जिवाला धोका असेल तिथे कोर्टाची वाट बघायची नाही, असा नियम आहे आणि बाईंना तो तोंडपाठ आहे. आणखी वीस जणांनी पुलाचा फोटो नुसता पुढे ढकलला होता. त्यात लष्कराची चौकी दिसत होती, म्हणून फोटो काढून टाकले. माणसं मात्र राहू दिली. फोटो ढकलणं हा गाढवपणा आहे, गुन्हा नाही, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

उरलं हे तिसरं पान. आणि दुसऱ्या पानावरचं एकोणीस नंबरचं खातं.

साहेब टेबलावर हात टेकून उभा राहिला. “बाई, खरं सांगू? देऊन टाका. आदेश त्यांचा, जबाबदारी त्यांची. आपण मोकळे.”

“आणि सही?”

“सही तुमची,” साहेब जरा खजील होऊन म्हणाला.

“मग वाचू द्या की मला.”

तेवढ्यात बाईंचा फोन थरथरला. धाकटी बहीण. दोघी एकाच घरात राहतात. धाकटीचा नवरा गेल्यापासून बाईंनी तिला आणि तिच्या मुलाला आपल्याकडे आणलं, त्या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तो मुलगा, बाईंचा एकुलता भाचा, लष्करात ड्रायव्हर आहे. आणि आहे कुठे, तर त्याच रस्त्यावर. काल स्फोट झाला तेव्हा तो तीन गाड्या मागे होता.

“ताई, तू ऑफिसातच आहेस ना? बातम्या बघितल्यास? मोबाइलवर लिहीत होते म्हणे मेले, कुठून किती गाड्या जाताहेत ते! तुमच्याकडेच असेल ना ते सगळं? बंद कर. सगळ्यांचीच तोंडं बंद कर. आज चार वाजता पुन्हा निघायचंय त्याला.”

“बघते गं.”

“बघते काय? तुझ्या हातात आहे ना?”

बाईंनी ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही. ऑफिसातलं घरी न्यायचं नाही आणि घरातलं ऑफिसात आणायचं नाही, असा कानाला खडा त्यांनी कोर्टात असतानाच लावून घेतला होता. “तू जेवून घे वेळेवर,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मग पट्टी पुन्हा एकोणीस नंबरवर ठेवली.

एकोणीस नंबरच्या खात्याचं नाव होतं ‘फाटक’. गावाबाहेर रेल्वेचं फाटक आहे, त्याला लागून तीन रस्ते फुटतात आणि त्यातल्याच एकावरून लष्कराच्या गाड्या जातात. गाड्या असल्या की बाकीची वाहनं अडवून धरतात, कधी पाऊण तास. हे खातं दीड वर्षापासून रोज लिहीत होतं. ‘फाटकापाशी अडवलंय, टेकडीकडून जा.’ ‘बेचाळीस गाड्या गेल्या, रस्ता मोकळा.’ ‘आज छत्तीस, अजून मागे असाव्यात.’ फोटो नाहीत, कुणाला शिवी नाही. खाली माणसं लिहायची. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर लिहायचा, ‘वाचलो, बाळंतीण होती गाडीत.’ कुणी लिहायचं, ‘आईला डायलिसिसला वेळेवर नेलं, तुमचे उपकार.’

आणि त्याच ओळी पुलाखाली बसलेल्यानेही वाचल्या असणार. बेचाळीस गाड्या म्हणजे त्यातली एक आपल्या पोराची, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

प्रत्येक खात्यापुढे पडद्यावर एक बटण असतं, ‘माहिती दाखवा’. दाबलं की माणूस समोर: नाव, पत्ता, फोन. बाई त्या बटणाकडे बराच वेळ बघत बसल्या. दाबलं नाही. साडेअकराला त्यांनी सुरक्षा खात्याला फोन लावला.

पलीकडचा अधिकारी रात्रभर जागा असावा. आवाज पार बसला होता. “झालं का?”

“पाच दिलीत, मिळाली असतील. वीस जणांचे फोटो काढलेत. तिसऱ्या पानाबद्दल विचारायचंय. ते दुसऱ्याच कुठल्यातरी यादीचं आहे. वेळा नाहीत, क्रम निराळा, कडेचा समास निराळा, आणि त्या सतरा जणांनी पुलाबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही. सगळे पाण्याच्या पाइपलाइनवरून बोंब मारताहेत. तीन महिन्यांपूर्वीचं आहे सगळं.”

“बाई, माझा एक पोरगा पाय गमावून पडलाय दवाखान्यात. आणि तुम्ही मला समास दाखवताय?”

एखादी असती तर म्हणाली असती, माझाही भाचा आहे हो त्या रांगेत. बाईंच्या ओठांपर्यंत ते आलं होतं. पण एकदा का आपलं माणूस मध्ये आणलं, की मग कागद कागद राहत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “त्याच पोरासाठी म्हणतेय. त्या सतरा जणांच्या दारात तुमची माणसं आज जातील, आणि ज्यांच्या दारात जायला हवं तिथे माणसं कमी पडतील. एकदा मूळ फाइल काढून बघा. मी फोन धरून थांबते.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणावर तरी ओरडणं झालं, कागदांची उलथापालथ झाली. सात मिनिटं बाई फोन कानाला लावून बसल्या. साहेब खोलीत येरझारा घालत होता.

“पाणीवाल्यांचीच यादी आहे,” अधिकारी परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. “दुसऱ्या फायलीतली. घाईत कुणीतरी खाली चिकटवली आणि पुढचे नंबर टाकले. ते पान सोडा.”

“दुरुस्त आदेश लेखी पाठवा. मग सोडते.”

“लेखी! बरं, पाठवतो. आणि एकोणीस नंबर? तो तर आमचाच आहे ना?”

“तो तुमचाच आहे,” बाई म्हणाल्या. “तुमची तक्रार रास्त आहे. गाड्यांचे आकडे असलेल्या ओळी मी आत्ता काढतेय. तीनशे बारा आहेत, सगळ्या मोजल्यात. पण खातं बंद करत नाही, आणि नाव न्यायाधीशांच्या सहीशिवाय देत नाही. तुम्ही कागद आणा. सही झालेली असली तर पाच मिनिटांत नाव देते, मला काही त्याचा पुळका नाही.”

“अहो, चार प्रश्न विचारून सोडून देऊ त्याला.”

“चार प्रश्नांना तुमच्याकडे किती दिवस लागतात?”

अधिकारी नुसता खाकरला. बाईंनी कोर्टात एकवीस वर्षं जामिनाच्या अर्जांच्या नकला काढल्या होत्या, हे त्याला कुठे माहीत?

“मी वाचते, तुम्ही ऐका,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कोर्टातल्यासारखं एकसुरी, ठळक आवाजात वाचायला घेतलं. बाळंतिणीची ओळ वाचली. डायलिसिसची वाचली. चटका बसलेल्या मुलाच्या बापाची वाचली. मग ‘बेचाळीस गाड्या गेल्या’ हीसुद्धा तेवढ्याच ठळकपणे वाचली. काही लपवलं नाही. “हा माणूस फितूर नाही. पण हा जे लिहितोय त्याने तुमची माणसं मरू शकतात. दोन्ही खरं आहे. एकासाठी दुसरं खोटं ठरवायचं कशाला?”

“मग करायचं काय? मी कोड्यात बोलायला बसलेलो नाही.”

“त्याला मी पत्र पाठवते. आकडे लिहायचे नाहीत, लष्कराचं नाव काढायचं नाही, काय अडलंय आणि का अडलंय तेही लिहायचं नाही. फक्त मोकळा रस्ता कोणता, एवढंच.”

“मोकळा सांगितला की अडलेला कळतोच की!”

“एरवी कळला असता. म्हणून रोज लिहायचं, दर तासाला, गाड्या असोत की नसोत. मालगाडीने अडलं तरी तेच, रस्ता खणला तरी तेच. दिवसातून बारा वेळा एकच ओळ आली तर तीवरून लष्कर कधी जातंय ते कोण काढणार?”

“हे तुम्हाला कुणी सुचवलं?” अधिकाऱ्याने विचारलं.

“कोणी नाही. वाचता वाचता सुचलं.”

“एक आठवडा बघतो. न्यायाधीशांकडे अर्ज मात्र जाणार.”

“जायलाच हवा,” बाई म्हणाल्या.

बारा वाजून चार मिनिटांनी दुरुस्त आदेश आला. बाईंनी तोही छापून घेतला, पट्टी ठेवून वाचला आणि सही केली. मग ‘फाटक’ला पत्र लिहायला बसल्या. कंपनीचा ठरलेला मसुदा असतो, त्यात कलमं असतात, धमकी असते आणि शेवटी सहकार्याबद्दल आभार असतात. बाईंनी तो बाजूला सारला आणि साध्या आठ ओळी लिहिल्या. तुमच्यामुळे कितीजण वेळेवर दवाखान्यात पोचले ते मी वाचलं आहे, अशी पहिली ओळ होती. तुमचे आकडे चुकीच्या माणसांनीही वाचले असावेत, अशी दुसरी. पुढे काय लिहावं, काय लिहू नये ते. तुमचं नाव सुरक्षा खात्याने मागितलं आहे, ते न्यायालयातून आलं तर मला द्यावं लागेल, हेही लपवलं नाही.

“काही झालं तर, बाई?” साहेब दारात उभा होता. चार वाजायला तीन तास होते आणि भाचा त्या रस्त्यावर असतो हे त्याला इतरांकडून कळलं होतं. “म्हणजे, खातं चालू ठेवलंत, आणि उद्या कोणी म्हणालं…”

“तर सही माझी आहे. वाचून केलेली.”

नेहमी खाली कॅन्टीनमध्ये जाणारा साहेब त्या दिवशी डबा घेऊन बाईंच्या टेबलाशी येऊन बसला. बाईंना घास उतरत नव्हता, हे दिसत असूनही त्याने तसं दाखवलं नाही. भला मुलगा आहे तो, नुसता घाबरट.

चारनंतरचे तास कसे गेले ते बाईंनाच ठाऊक. इतर आदेश आले, त्यांनी ते वाचले. एका गायिकेच्या नावाने कोणीतरी खोटं खातं उघडलं होतं, ते बंद केलं. दर दहा मिनिटांनी नजर फोनकडे जायची. फोन आपला गप्प. आपण धाकटीच्या पोराच्या जिवाशी खेळलो तर नाही? सगळी त्रेचाळीस बंद केली असती तर निदान आपल्या मनाला बोल लागला नसता. पण मग लगेच दुसरा विचार यायचा, की सतरा घरांतल्या बायका आज कुणाच्या फोनची वाट बघत बसल्या असत्या? दोन्ही विचार खरे होते आणि दोन्ही छातीवर बसले होते. साडेपाचला त्यांनी पट्टी खणात टाकली आणि घरी निघाल्या.

घरात धाकटी खिडकीपाशी बसली होती, फोन मांडीवर. ताट झाकून ठेवलेलं. “जेवली नाहीस?” बाईंनी विचारलं. धाकटीने मान हलवली. दोघी फोनकडे बघत बसून राहिल्या.

साडेसहाला फोन वाजला. “आई, पोचलो गं. सगळे पोचलो. जेवलीस का तू?” एवढंच बोलला तो, मागे कुणीतरी घाई करत होतं. धाकटीने फोन खाली ठेवला आणि ढसाढसा रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण त्यांचंही तेच चाललं होतं.

मग धाकटी उठली, तोंड धुऊन आली, ताटावरची झाकणी काढली. पहिला घास घेताघेता म्हणाली, “आज ते फाटकवालेही मेले गप्प होते. जीव नुसता टांगणीला लागला.”

बाईंच्या हातातला पेला मध्येच थांबला. “कोण फाटकवाले?”

“अगं आहे एक, मोबाइलवर लिहितो. आपला पोरगा तिकडे गेला त्याच उन्हाळ्यापासून वाचते मी. बेचाळीस गाड्या गेल्या असं त्याने लिहिलं की मी जेवायला बसते. आज दुपारपासून गाड्यांचं जुनंसुद्धा सगळं गायब. म्हटलं, यालाही धरलं की काय!” तिने डाव्या हाताने फोन सरकवला. “थांब, आलंय वाटतं काहीतरी. केवढं लांबलचक लिहिलंय.”

ती मोठ्याने वाचायला लागली.

“‘आजपासून मी गाड्या मोजणार नाही. मला एक पत्र आलं, त्यातलं म्हणणं मला पटलं. कुणाला इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं.’ अगं, पुढे ‘ह्यांना’ लिहिलंय, बाई आहे ही! मी इतके दिवस पुरुष समजत होते, थांब हं… ‘गेल्या वर्षी मार्चमध्ये ह्यांना छातीत कळ आली. दवाखान्यात नेत होतो तर फाटकापाशी गाडी अडली. समोरून लष्कराच्या गाड्या चालल्या होत्या. ह्यांचा हात धरून मी एकेक मोजत होते, म्हटलं, संपल्या की निघूच. अठ्ठेचाळीस झाल्या. शेवटची जायच्या आधीच हे गेले. त्या ड्रायव्हरांचा काही दोष नाही, त्यांना काय ठाऊक. पण मला मोजायची सवयच लागून गेली. पुन्हा कुणाचं माणूस तिथे अडू नये म्हणून लिहीत होते. यापुढे फक्त मोकळा रस्ता सांगेन. आत्ता टेकडीचा मोकळा आहे.’”

धाकटीचं वाचून झालं तरी ती पडद्याकडेच बघत होती. घास ताटातच राहिला.

“ताई, आपला पोरगा तिकडे कधी गेला गं?”

“गेल्या वर्षी. फेब्रुवारीत.”

“फेब्रुवारीत,” धाकटी म्हणाली. “म्हणजे मार्चमध्ये तिथेच होता.”

बाईंनी चष्मा काढला.

“त्याला सांगायचं नाही हं हे. कधीच नाही, ताई.”

“नाही सांगायचं.”

धाकटीने हात धुतला, पदराला पुसला आणि फोन पुन्हा हातात घेतला. एका बोटाने ती अक्षर शोधत शोधत लिहायला लागली. लिही, पुसून टाक, पुन्हा लिही, असं कितीतरी वेळ चाललं होतं. शेवटी तिने फोन बाईंच्या पुढे धरला. डोळे भरलेले होते.

“ताई, तू दिवसभर हेच करतेस ना? बघ, बरोबर लिहिलंय का मी तिला.”

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. त्यांनी फोन हळूच परत धाकटीकडे वळवला.

“पाठव तू,” त्या म्हणाल्या. “ते तुमचं दोघींचं आहे.”